एका लुकलुकीत एक बादली: ऊर्जेच्या प्रकल्पाच्या नोंदी

७ डिसेंबर, रविवार

भाची नववीत आहे. ताई आणि दाजी निफाड तालुक्यात असतात, द्राक्षाची बाग सोडून त्यांना हलता येत नाही. म्हणून ती शाळेसाठी आमच्याकडे, नाशिकच्या इंदिरानगरला राहते. शाळेनं प्रकल्प दिला आहे, 'दैनंदिन जीवनातील ऊर्जा'. तिनं कार्डशीटवर सूर्य, धरण, पवनचक्की, बल्ब अशी छान चित्रं काढली होती आणि एकातून दुसऱ्याकडे बाण दाखवले होते. शेवटचा बाण कागदाबाहेर जात होता. त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'काही ऊर्जा वाया जाते'.

मी विचारलं, "वाया जाते म्हणजे कुठं जाते?"

"वाया म्हणजे वाया, मामा. नाहीशी होते."

आणि त्याच कार्डशीटवर वरच्या कोपऱ्यात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सुंदर अक्षरात लिहिलेला. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर, आणि तिला त्यात काही खटकलेलं नव्हतं. यात तिची चूक नाही. 'कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा' ही व्याख्या पाठ होते, पण हाताला काही लागत नाही.

माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे मोटरच्या आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचं काम आहे, अंबडला छोटा गाळा आहे. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "मोटर चालते, पण पाणी फेकत नाही, पॉवर कमी झालीय." वीज तेवढीच ओढते, पाणी कमी येतं. मग मधली वीज गेली कुठं, हे शोधणं हाच माझा रोजचा धंदा. म्हणून ठरवलं, चित्रं राहू देत, पण प्रकल्प मोजमापाचा करायचा. प्रश्न एकच: आमच्या सोसायटीची मोटर हजार लिटर पाणी गच्चीवर चढवते तेव्हा किती वीज खाते, पाण्याला खरोखर किती लागते आणि मधला फरक कुठं जातो?

९ डिसेंबर, मंगळवार

उंची मोजली. सुतळीला दगड बांधून गच्चीवरून सोडला. भाची वर, मी खाली. खालच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीत पाणी पडतं त्या पाइपच्या तोंडापर्यंत १६ मीटर भरलं. तिनं विचारलं, वरच्या टाकीच्या तळापर्यंत का नाही मोजायचं? कारण पाण्याला आधी पाइपच्या तोंडापर्यंत चढावंच लागतं, मग ते टाकीत पडतं. पडताना काय होतं ते पुढं बघू म्हटलं.

हिशेब सोपा आहे. हजार लिटर म्हणजे हजार किलो. गुणिले ९.८, गुणिले १६. उत्तर १,५६,८०० ज्यूल. आकडा मोठा दिसतो, पण बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे अख्खी टाकी वर न्यायला युनिटचा जेमतेम तेविसावा हिस्सा लागावा.

तिला ते खरं वाटेना. मलाही कागदावर पहिल्यांदा बघताना वाटलं नव्हतं.

१० डिसेंबर, बुधवार

मोटरच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. सगळ्यांनी पाहिलेला असतो, वाचलेलं कोणी नसतं. त्याच्याशेजारी छापलेलं आहे: ३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. ३६ लाख भागिले ३२००, एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. मीटरवाले पल्स म्हणतात, भाची लुकलुक म्हणते. वहीत तिचाच शब्द ठेवला.

मग तिनं आपणहून एक गणित केलं, ते मला फार आवडलं. दहा लिटरची बादली जमिनीपासून गच्चीपर्यंत, बारा मीटर. १० गुणिले ९.८ गुणिले १२ बरोबर ११७६ ज्यूल. जवळपास एक लुकलुक! दिवा एकदा लुकलुकतो तेवढ्यात तारेतून जे येतं, त्यात एक भरलेली बादली जिना चढून गच्चीवर जाऊ शकते.

ती लगेच बादली घेऊन निघाली. पाच मिनिटांनी खाली आली तेव्हा चेहरा लाल, धाप लागलेली. "मामा, ही एक लुकलुक नाही." बरोबर आहे. बादलीबरोबर तिनं स्वतःचं ४५ किलो वजनही नेलं. एकूण ५५ किलोचे ६४६८ ज्यूल झाले. शिवाय स्नायूंचं काम असं असतं की खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चढण्यात लागतो, बाकीची उष्णता होते. धाप आणि घाम आला तो त्या बाकीच्यामुळं. म्हणजे खर्च झाले तीस हजार ज्यूलच्या आसपास, सात किलोकॅलरी. शेंगदाण्यात मोजले तर दोन-तीन दाणे.

एवढ्या श्रमाला दोन-तीन शेंगदाणे, याचं तिला वाईट वाटलं. माझ्या आईनं तिला मूठभर दाणे आणि गूळ दिला.

१३ डिसेंबर, शनिवार

मुख्य मोजणी. सेक्रेटरी काकूंना विचारून रात्री अकराला, सगळ्यांचे नळ बंद झाल्यावर, हजार लिटरची रिकामी टाकी भरली. मीटरसमोर मोबाइल उभा करून व्हिडिओ घेतला आणि मग संथ गतीनं लावून लुकलुका मोजल्या. पाच-पाचचे गठ्ठे, वहीत आडव्या रेघा मारत. दोघांनी वेगवेगळ्या मोजल्या आणि आकडा जुळेपर्यंत थांबलो नाही.

वेळ १८ मिनिटं १० सेकंद. लुकलुका १०२१.

पाण्याला लागायला हव्यात १३९. मधल्या ८८२ कुठं?

मोटरला हात लावला तर कोमट होती. पण माझ्या मनात दुसरंच आलं. एक एचपीची ही मोटर १६ मीटरला हजार लिटर अठरा मिनिटांत देते, हे बरं नाही. शंभरातले चौदासुद्धा वर पोचत नाहीत. छोटे घरगुती पंप तसे उधळेच असतात, पण इतके नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

पंप उघडला. इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, ठीक, सील ठीक. मग वरच्या पाइपवरचा एनआरव्ही काढला. मोटर बंद झाल्यावर पाणी मागं येऊ नये म्हणून असतो तो. आतली झडप क्षारांनी इतकी धरलेली की अर्धीच उघडत होती. बोरचं पाणी जड आहे आमच्याकडे, पांढरा थर नखानं निघत नव्हता. हा एनआरव्ही मीच बसवला होता आणि त्यानंतर उघडून बघितला नव्हता.

भाचीला झडप हातात दिली. तिनं ती उघडझाप करून बघितली. सगळं पाणी एवढ्याशा फटीतून घुसत होतं, घासत, गरगरत. त्या घुसळण्यात ऊर्जा जात होती. वाया गेली हे खरं, आपल्या कामाच्या दृष्टीनं. पण नाहीशी झाली नाही, पाण्यात उतरली.

"म्हणजे पाणी तापलं असणार?"

"असणार."

"मग थर्मामीटर लावू या ना!"

लावला. खालच्या टाकीत आणि वरच्या टाकीत. फरक दिसला नाही. इथं तिची निराशा झाली आणि मला आनंद, कारण प्रकल्पाचा गाभा इथंच आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल आणि आज फक्त हा हिशेब. ८८२ लुकलुका म्हणजे जवळपास दहा लाख ज्यूल. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला ४१८६ ज्यूल लागतात. हजार किलो पाण्यात ते सगळे, अगदी सगळे, ओतले तरी पाणी पाव अंशसुद्धा तापणार नाही. आमचा थर्मामीटर एक-एक अंशाचा. दिसणार कसं?

दहा लाख ज्यूलमध्ये तेच पाणी शंभर मीटर वर गेलं असतं. उष्णतेच्या खात्यात गेले तर पाव अंशही नाही. उष्णता असं सगळं पोटात घेते आणि चेहऱ्यावर दाखवत नाही. म्हणून माणसाला शतकानुशतकं वाटत राहिलं की घर्षणात, आपटण्यात, ढवळण्यात गती मरते, संपते.

ते संपत नाही हे आकड्यानं दाखवणाऱ्यांत जेम्स ज्यूल मोठा. इंग्लंडात सॅलफर्डचा, घरचा धंदा बिअर बनवण्याचा. १८४० च्या दशकात त्यानं बंद भांड्यातल्या पाण्यात पाती ठेवली, दोरीला वजनं बांधली आणि ती खाली पडताना पाती फिरतील अशी रचना केली. वजनं परत वर गुंडाळायची, परत सोडायची. पाणी कितीसं तापणार? अंशाचा अगदी छोटा भाग. पण तो ते मोजत राहिला, वर्षानुवर्षं. १८५० मध्ये त्यानं जो आकडा दिला तो आजच्या आकड्यापेक्षा एक टक्काही चुकीचा नाही. पाव अंश दिसत नाही म्हणून आम्ही खट्टू होतो, आणि तो माणूस असल्याच बारीक फरकांवर वर्षं लावून बसला होता. भाचीला म्हटलं, ज्यूल हे एककाचं नाव लिहिताना जरा सावकाश लिही.

वरच्या टाकीत पाणी पडतं त्याचंही उत्तर यातच आहे. दहा मीटरवरून पडणारं पाणी खाली आपटून अंशाच्या चाळिसाव्या हिश्शाइतकं तापतं. सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात एवढा गर्जतो, पण पडण्यामुळं पाणी एक अंश तापायला त्याला ४२७ मीटर उंची लागली असती.

१८ डिसेंबर, गुरुवार

नवा एनआरव्ही बसवून पुन्हा मोजलं. वेळ १२ मिनिटं. लुकलुका ७०४. १०२१ वरून ७०४! पाण्याच्या वाट्याच्या १३९ तेवढ्याच, कारण उंची तीच, पाणी तेच.

गंमत बघा, मोटर आता दर सेकंदाला आधीपेक्षा जराशी जास्त वीज ओढते. १०५० वॅटच्या आसपास होती, ती ११०० झाली. पाणी जास्त ढकलते म्हणून. पण काम लवकर उरकते, म्हणून एकूण खर्च कमी. वॅट आणि युनिट यांतला फरक समजावायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नव्हतं. वॅट, एचपी हा वेग आहे, किती झपाट्यानं. युनिट, ज्यूल ही रक्कम आहे, एकूण किती. आपण बोलताना शक्ती, ताकद, पॉवर, ऊर्जा सगळं एकाच अर्थानं म्हणतो. बोलण्यात चालतं, पण मीटरपुढं चालत नाही.

मोटरच्या आतला हिशेबही थोडा काढला. मेन वायंडिंगचा रोध थंड असताना ३ ओहम, चालवून बंद करताच लगेच मोजला तर ३.३. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे वायंडिंग पंचवीसेक अंशानं तापलं. थर्मामीटर जिथं घालता येत नाही तिथलं तापमान तांबं स्वतः सांगतं. साडेपाच अँपिअरच्या वर्गाला रोधानं गुणलं की शंभर वॅटच्या जवळ येतं. ११०० पैकी शंभरेक नुसते तांबं तापवण्यात. उरलेले काही पत्र्याच्या कोअरमध्ये, काही बेअरिंग-पंख्यात, आणि सगळ्यात मोठा वाटा पंपाच्या आत पाणी घुसळण्यात आणि पाइपात.

२१ डिसेंबर, रविवार

थंडी वाढली. आज न्हाणीतलं मोजमाप. वीस लिटर पाण्याची बादली, १८ अंशावरून ४३ वर. विसण न घालता थेट अंगावर घेता येईल इतपत. फ्रीज, पंखे सगळं बंद करून फक्त बादलीतला हीटर. हिशेबानं १८६० लुकलुका, घरच्या मीटरवर मोजल्या १९४०. जास्तीच्या ऐंशी बादली, हवा आणि वाफ यांनी घेतल्या. हे आकडे किती जवळ आले बघून भाची नाचली.

तीच बादली गच्चीवर न्यायची तर दोन लुकलुका.

आईला सांगितलं, तुमची आंघोळीची एक बादली म्हणजे नऊशे बादल्या गच्चीवर नेण्याइतकी वीज. आई म्हणाली, "मग त्यापेक्षा मी थंड पाण्यानं करते." तसं नको म्हटलं. पण गच्चीवरच्या सौर हीटरची काच महिनोनमहिने कोणी पुसलेली नव्हती. ती दुपारी आम्ही दोघांनी पुसली.

२७ डिसेंबर, शनिवार

शाळेला सुट्टी, म्हणून ताईकडे आलो. ही नोंद पहाटे पावणेसहाला, शेकोटीजवळ बसून.

या आठवड्यात शेतीच्या लाइटची रात्रपाळी आहे. दाजी साडेतीनला उठले, मीही उठलो, भाची थर्मामीटर घेऊन आमच्यामागं. बागेत ६ अंश. ओळींच्या कडेनं शेकोट्या पेटलेल्या, धूर खालीच रेंगाळत होता. मणी फुगायच्या टप्प्यावर आहेत, अशा वेळी पारा घसरला की मण्यांना तडे जातात आणि वर्षाची मेहनत घडासकट जाते. दाजींनी मोटर सुरू करून ठिबक सोडलं.

"दाजी, एवढ्या थंडीत पाणी कशाला? अजून गारठेल ना?" हे मी मुद्दाम विचारलं, भाचीनं ऐकावं म्हणून.

"हात घालून बघा," म्हणाले.

बोरचं पाणी कोमट लागलं. थर्मामीटरवर २४. खोल जमिनीतलं पाणी उन्हाळा-हिवाळ्याच्या मधलं, वर्षाच्या सरासरीचं तापमान धरून असतं. वर्षभराचं ऊन जमिनीत असं साठलेलं.

भाचीनं बॅटरीच्या उजेडात गणित मांडलं. दहा हजार लिटर पाणी २४ वरून १० पर्यंत निवालं तर जमिनीला आणि हवेला किती देईल? ५८ कोटी ६० लाख ज्यूल. भागिले ३६ लाख, १६३ युनिट. ते तीस मीटर खोलीवरून वर काढायला? पाण्याच्या वाट्याला पाऊण युनिटच्या जरा वर, मोटरचं नुकसान धरून तीन युनिट समजा. तीन युनिट घालून एकशे त्रेसष्ट युनिटांची ऊब वर येते. ती सगळी घडांपर्यंत पोचत नाही, मातीत मुरते, वाऱ्यानं जाते. पण दोन-तीन अंशांचा आधार बागेला जगवतो.

ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मामा, त्या दिवशी उष्णतेनं आपला आकडा लपवला होता ना, पाव अंशात. इथं तेच उलटं आहे. थोडेच अंश, पण आत केवढं!"

दाजींना ज्यूलचं काही सांगितलं नव्हतं. ते फक्त म्हणाले, "पाण्यात ऊब असते, हे आमच्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं."

४ जानेवारी, रविवार

भाचीचा प्रश्न, दोन दिवस मागं लागली आहे: हिशेब नेहमी जुळतोच हे कशावरून? आपल्याला तर पंपातली सगळी उष्णता मोजता आली नाही.

खरं उत्तर मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. एमी नोएथर नावाची जर्मन गणिती होती. बाई म्हणून गॉटिंगेनच्या विद्यापीठात तिला नेमणूक मिळेना, तिची व्याख्यानं हिल्बर्ट या गणित्याच्या नावानं जाहीर व्हायची, पगार नाही. तिनं १९१८ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयातून असं निघतं की निसर्गाचे नियम काळानुसार बदलत नसतील, आज जे तेच उद्या, तर ऊर्जेचा एकूण आकडा कायम राहिलाच पाहिजे. आमची टाकी आज भरायला पाण्याच्या वाट्याच्या १३९ लुकलुका लागतात आणि पुढच्या वर्षीही त्याच उंचीला १३९ च लागतील. गुरुत्वाकर्षण मंगळवारी हलकं आणि बुधवारी जड झालं असतं, तर मंगळवारी पाणी चढवून बुधवारी सोडून फुकटची वीज मिळाली असती. तसं होत नाही.

भाचीनं कार्डशीटवर नोएथरचं नाव ज्यूलच्या शेजारी लिहिलं आणि त्याच्याएवढंच मोठं.

८ जानेवारी, गुरुवार

बेअरिंग आणायला नाशिकरोडला गेलो होतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या. तिथले संच २१० मेगावॅटचे आहेत, कोळशावरचे. कोळशाच्या केंद्रात साधारण तीन वाटे उष्णता जळते तेव्हा एक वाटा वीज होते, उरलेले दोन थंड करायच्या पाण्यात आणि धुराड्यातून हवेत जातात. म्हणजे आमच्या मीटरवरच्या एका लुकलुकीमागं कोळशाच्या तीन. ७०४ ची नोंद पुन्हा काढून भाचीनं खाली २११२ लिहिलं. एनआरव्हीमुळं वाचलेल्या ३१७ खाली ९५१.

११ जानेवारी, रविवार

कार्डशीट नवीन केली. चित्रं तीच. शेवटचा बाण आता कागदाबाहेर जात नाही, वळून पाणी, तांबं, हवा आणि माती यांच्याकडे जातो, प्रत्येकापुढं आकडा. जिथं आम्हाला मोजता आलं नाही तिथं तिनं रिकामी चौकट ठेवली आहे. भरून टाक म्हणून मी सांगितलं नाही.

रात्री शेवटची म्हणून एकदा टाकी भरताना मोजलं. लुकलुका ६९७.

"सात कमी का?" तिनं विचारलं.

मला वाटलं मोजायला चुकलो. व्हिडिओ पुन्हा बघितला, ६९७ च. मोटर तीच, झडप तीच, टाकी तीच. मग ती काही न बोलता काठी घेऊन खालच्या टाकीकडे गेली, झाकण उचलून काठी आत घातली आणि ओल्या खुणेला टेप लावला. आज नळाला पाणी जास्त आलं होतं, खालची टाकी काठोकाठ होती. पातळी त्या दिवशीपेक्षा १६ सेंटिमीटर वर.

१६ मीटरमध्ये १६ सेंटिमीटर. शंभरात एक. ७०४ मध्ये सात.